लाल ठिपक्याचा ग्लास

मुलुंडच्या थंडीबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं लोक सोडून देतात आणि उरलेल्या निम्म्यावर हसतात. अंधेरीवाल्यांना तर थंडी म्हणजे एसीचं बिल कमी येण्याचा महिना. पण आमच्याकडे डोंगर पाठीशी आहे, बाबांनो. एका वर्षी आमच्या सोसायटीतल्या दूधवाल्याच्या मिशीवर दूध उडालं, तर तो चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर त्याची कुल्फी धरली होती. मी स्वतः बघितली. वेलची नव्हती, एवढीच काय ती उणीव.

हल्ली ही गोष्ट मी सांगायला घेतो आणि कुल्फीपाशी अडखळतो. कारण त्याच सुमारास समोरच्या इमारतीतून, शैलामावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तुपात डिंक फुलल्याचा वास येतो. तो आला की माझी बोलती बंद होते, आणि ती बंद झालेली बघायला माझी बायको तिकीट काढून बसेल.

शैलामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काका लवकर गेले. मावशीने सरकारी कचेरीत कारकुनी करून एकटीने प्राचीला वाढवलं, आणि येताजाता मलाही. प्राची तिची एकुलती एक. मावशी गंडेदोरे मानत नसे, मांजर आडवं गेलं तर त्यालाच "आधी तू जा" म्हणत असे. कचेरीतल्या साहेबांना इंग्रजी पत्रातल्या चुका दाखवणारी बाई. तिच्या डब्यातला डिंकाचा लाडू मी एकदा गच्चीवरून खाली टाकला होता, तर फरशीला तडा गेला आणि लाडू शाबूत राहिला. आता हे मी थोडं वाढवून सांगतोय. फरशी आधीपासूनच तडकलेली होती.

सात वर्षांपूर्वीच्या थंडीत मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. काम सांगायला सोपं होतं. एक विषाणू आहे. कांजिण्या आणि नागीण ज्या घराण्यातून येतात, त्याच घराण्यातला. लांबलचक नाव आहे, आम्ही त्याला सीएमव्ही म्हणत असू. हा एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम. भाडं देत नाही, भांडत नाही, पेशींमध्ये दडून असतो. ज्याच्या अंगात तो असतो त्याला ताप नाही, खोकला नाही, काही नाही. अशा माणसाला आम्ही निरोगी वाहक म्हणायचो. तो निरोगी का राहतो, तर त्याच्या रक्तातल्या टी पेशी पहारा देत असतात म्हणून. आमच्या अभ्यासाचा विषय हा पहारा.

पाहुणा बाहेर डोकावला रे डोकावला की या पेशी त्याला आत ढकलतात. तो पुन्हा डोकावतो, त्या पुन्हा ढकलतात. वर्षानुवर्षं. त्यामुळे होतं काय, वय वाढतं तशी या पहारेकऱ्यांची संख्याही वाढत जाते. जुन्या दुखण्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशींमधला भलामोठा हिस्सा या एकाच पाहुण्यामागे लागलेला असतो. माणूस आपला निवांत भाजी निवडत असतो, आणि त्याच्या आत एक पहारा कधीच सुटत नाही.

तर आम्हाला पन्नाशी ओलांडलेले निरोगी लोक हवे होते. मी नातेवाईकांना कामाला लावलं. मावशीला अंधेरीला नेलं, मसाला डोशाचं आमिष दाखवून. तिने संमतीपत्र शब्द न् शब्द वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढली, आणि मग दंड पुढे केला. त्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की नळीवर नाव नसेल, आकडा असेल, आणि निकाल कुणालाही सांगितला जाणार नाही. ती चूक काढणाऱ्या बाईने ते वाचलं होतं. मीही वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं.

तपासणीची तऱ्हा अशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, छोट्या छोट्या खळग्यांच्या पेटीत सोडायच्या, आणि त्यांच्यासमोर विषाणूचे तुकडे ठेवायचे. टी पेशी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. तिला तुकडा समोर धरून दाखवावा लागतो. ओळख पटली की ती आरोळी ठोकते, आणि रसायन घातल्यावर तिच्या जागी एक लाल ठिपका उमटतो. जितके ठिपके, तितके जागे पहारेकरी. काहींच्या खळग्यात दहा-वीस, काहींच्या शंभर. मावशीच्या नळीवरचा आकडा मला पाठ होता. मी तिचा खळगा भिंगाखाली धरला आणि मोजायचं सोडून दिलं. गणपती विसर्जनाचा गुलाल उधळावा तसा तो लालेलाल होता.

असा माल हातात आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल? मी रविवारी थेट मावशीच्या ओट्यापाशी.

ती खारका फोडत होती. प्राचीला सहावा चालू होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, मुलुंडला. सातव्यात ती यायची होती, आणि मावशीची तयारी लग्नघरासारखी चालली होती. धुतलेल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली होती. आतल्या खोलीत खाट हलवून झाली होती.

"मावशी, तुझ्या अंगात डाकू आहे," मी म्हटलं.

"तुझ्या अंगात आहे तो बाहेर काढ आधी. चपला घालून आत आलायस."

मग मी सुरू झालो. तुझ्या एका डाकूवर अख्खी पलटण तैनात आहे म्हटलं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम खुर्चीवरून पडल्या म्हटलं. (मॅडमनी फक्त "हं" केलं होतं.) असा विषाणू अख्ख्या मुंबईत कुणाच्या अंगात नाही म्हटलं. आणि खरं तर तो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, मोठ्या माणसांत तर तो नसलेला माणूस शोधावा लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सगळ्यांकडे असलेल्या गोष्टीची गोष्ट होते का?

"पसरतो कसा?" मावशीने विचारलं.

"लाळेतून. पण तुझा डाकू म्हणजे बलदंड गं. नुसतं 'या, बसा' म्हणालीस तरी समोरचा गार!"

"उष्ट्यातून?"

"उष्ट्यातून तर धावत जाईल."

"आणि गरोदर बाईला?"

"तिचं तर विचारूच नकोस! बाळापर्यंत मजल."

अडकित्त्यात धरलेली खारीक तशीच राहिली. हे मला आत्ता दिसतं. तेव्हा मला चहा दिसत होता, तो उतू चालला होता, आणि मी गॅस बंद करायला धावलो, आणि मग मला मित्राचा फोन आला, आणि मी गेलो. जाताना दोन खारका उचलल्या.

पुढच्या आठवड्यात मावशीने प्राचीला कळवलं, माझी कंबर धरलीय, माझ्याच्याने बाळंतपण निभणार नाही, तू सासरीच राहा. प्राचीचं सासर बोरिवलीला. मला वाटलं, वय झालं बिचारीचं. माझ्या आईलाही तसंच वाटलं. एकट्या प्राचीला तसं वाटलं नाही, कारण तिची आई ताप अंगात असताना तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायला गेलेली तिने पाहिली होती.

ती एकदाच आली, एका दिवसापुरती, पोट सावरत. मीही जेवायला होतो. थंडी अशी की वरण ताटात गोठावं. (नव्हतं गोठलं. पण गार झालं होतं, कारण मावशी वाढून लांब जाऊन उभी राहात होती.) प्राचीला लहानपणापासून आईच्या ग्लासातलं पाणी लागायचं. स्वतःचा भरलेला असला तरी आईचाच. तिने हात लांब करून मावशीचा ग्लास उचलला, आणि मावशीने तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. पाणी ताटात सांडलं.

"हा माझा आहे," मावशी म्हणाली.

ग्लासाच्या कडेखाली नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. ताटालाही होता. ती भांडी तिने वेगळी घासून वेगळी पालथी घातली होती.

"ठिपका कसला गं?" प्राचीने विचारलं.

मावशी सांडलेलं पाणी टिपू लागली. आता शांतता पसरली आणि मी तिथे असलो, तर ती मोडणं हा मी माझा धर्म समजतो. मी म्हटलं, "अगं, त्या ग्लासात मावशी तारुण्याचं औषध पिते. आपल्याला दिलं तर आपण रांगायला लागू."

मी हसलो. खोलीत हसणारा मी एकटाच होतो. लाल ठिपके मोजून पोट भरणारा माणूस, आणि एक ठिपका ताटाशेजारी होता तर मला वाचता आला नाही.

जानेवारीत प्राचीला मुलगी झाली. मावशी दवाखान्यात दारातून बघून आली. डिंकाचे, अळिवाचे लाडू मात्र डबे भरभरून केले, स्वच्छ धुतलेले हातमोजे घालून वळले, आणि ते पोचवायचं काम माझ्याकडे. पवईला बस बदलायची, आरेच्या रानातून गोरेगाव गाठायचं, पुढे बोरिवली. आरेत सकाळचं धुकं गोठ्यांच्या पत्र्यांवर बसलेलं असायचं, झाडांतून ऊन तिरपं यायचं, आणि मांडीवरचा डबा कोमट असायचा. दर वेळी प्राची दार उघडून माझ्या मागे बघायची. मागे कुणी नसायचं.

"आई?"

मग मी सुरू. एकदा म्हटलं, मावशी निघाली होती गं, पण आरेत बिबट्या बससमोर आडवा बसला, ड्रायव्हरने हॉर्न दिला तर त्याने जांभई दिली, बस मागे वळवावी लागली. एकदा सांगितलं, सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून आली, मिरवणूक चालू आहे. प्राची पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा अर्धी हसली. तिसऱ्यांदा तिने डबा घेतला, लाडू काढले, डबा धुऊन पुसून मला परत दिला. रिकामा. आमच्या घरात डबा रिकामा परत जात नाही, निदान चार दाणे साखर तरी घालतात. मी तो रिकामा डबा मांडीवर घेऊन आलो आणि मावशीने झाकण उघडून आत बघितलं आणि झाकण लावलं.

बारशाला ती आली. पाळण्याखालून बाळ द्यायची वेळ झाली. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला आईची आई. सासूबाईंनी "गोविंद घ्या" म्हणत बाळ खालून पुढे केलं, आणि मावशीचे हात पुढे आलेच नाहीत. बायका थांबल्या. बाळ पाळण्याखाली, सासूबाईंच्या तळहातांवर, अधांतरी. शेवटी प्राचीच्या नणंदेने वाकून घेतलं. मी ओरडलो, "मावशीचा खांदा निखळलाय, कुस्ती खेळली काल!" त्यावर बरंच हसू झालं. प्राची आईकडे बघत होती. मी त्या नजरेबद्दल काहीही वाढवून सांगू शकत नाही.

येताना आरेच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली होती. एका गोठ्याजवळ बस थांबली तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मिल्या, आता तरी गेला असेल का रे तो?"

"कोण?"

"तुझा डाकू."

बस सुटली. मला वाटतं आरे तेव्हा संपायलाच तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. एक ओळखीची बाई आहे, असं म्हणून विचारलं. त्या भिंगावरून डोळे न काढता म्हणाल्या, "आईला असेल, तर मुलीलाही लहानपणीच मिळाला असणार. बहुतेक वेळा आईच्या दुधातूनच येतो. मुलीचे पहारेकरी कधीच उभे राहिले असतील. मग धोका अगदीच थोडा. हात धुवावेत, बस. तेवढ्यासाठी लेकीला लांब ठेवायचं?" मग त्यांनी मान वर केली. "त्या बाईंना निकाल कळला कसा?"

"बाहेर कुठेतरी तपासला असेल," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप. एक शब्दही जादा नव्हता.

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं, साधं, मीठमसाला न लावता. ती खाटेवर बसून होती, त्याच आतल्या खोलीत हलवलेल्या खाटेवर. जे लेकीला लागू नये म्हणून ती लांब राहिली, ते तिने पहिल्याच महिन्यात अंगावर पाजताना देऊन टाकलं होतं, आणि पोर ते पचवून मोठी झाली होती.

"मी आज प्राचीला फोन करतो," मी म्हटलं.

"नको." बराच वेळ ती दुपट्याची कड सरळ करत राहिली. "तू निकाल सांगितलास हे बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल. आणि मी कागद वाचलेली बाई. तुझ्या बडबडीवर विश्वास ठेवून बसले, हे तिला कळायला नको. आई कठोर आहे असं वाटू दे. अडाणी आहे असं नको."

तेव्हा मी "अगं पण" म्हटलं. दोनदा म्हटलं. मग गप्प बसलो. तिच्या शब्दाखातर बसलो असं मी स्वतःला सांगत आलो. पण तिने नोकरीचं नाव काढलं तेव्हा मला आतून किती हलकं वाटलं होतं, ते मला माहीत आहे.

वर्षं गेली. प्राचीची लेक रेवा मोठी झाली. मावशी आता तिला जवळ घेते, गोष्टी सांगते, पण प्राची येते ती आधी फोन करून, दोन तास बसून, पाहुण्यासारखा चहाचा कप स्वतः विसळून जाते. पाणी स्वतःची बाटली काढून पिते. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. डबे दर थंडीत मी नेतो. मावशीला बोरिवली लांब पडते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. आणि मी ठणठणीत आहे. खातो, पितो, पार्टीत बिबट्या सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. फक्त डिंकाचा वास आला की आत काहीतरी डोकावतं, आणि ते पुन्हा आत ढकलायला दर वर्षी थोडी जास्त माणसं लागतात.

यंदा मावशीच्या बोटांत अडकित्ता ठरेना. खारका मी फोडल्या. डबा भरताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी विकतचे आण." आमची ती प्रयोगशाळा गेल्या वर्षी बंद झाली; मी आता यंत्रं विकणाऱ्या कंपनीत आहे. माझी नोकरी जाईल अशी भीतीच उरली नाही. धीर आला म्हणून मी यंदा बोललो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. धोका टळला म्हणून बोललो.

दुपारची वेळ होती. प्राचीने दार उघडलं. माझ्या मागे बघायचं तिने केव्हाच सोडलंय.

"ये. आज काय? बिबट्या की हत्ती?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, डाकूपासून, चहा उतू गेल्यापासून. मध्येच ती हसायला लागली. "झकास! तेव्हा खांदा, आता पेशी. तुझं डोकं ना, विमा उतरवून ठेव."

"प्राची, खरं सांगतोय."

"तू बिबट्याच्या वेळीही हेच म्हणाला होतास रे."

बरोबर होतं तिचं. माझ्या तोंडून आलेल्या खऱ्याला तिने कशावरून ओळखावं? मी सांगत राहिलो आणि ती लाडू दुसऱ्या डब्यात काढत राहिली. एक, दोन, तीन. मग तिचा हात थांबला.

"तो ग्लास," ती म्हणाली.

मी त्या ग्लासाबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. मी तो विसरलोच होतो.

"लाल ठिपक्याचा." ती खुर्चीवर बसली. "मला वाटलं, माझ्या हातचं तिला आता नकोसं झालंय. म्हणून तिने स्वतःचं वेगळं केलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "ठिपका तिने स्वतःलाच लावला होता."

मी मान हलवली.

"आणि तू सात वर्षं हा डबा आणून देत होतास. माझ्या दारात उभा राहून मला वाघ-सिंह सांगत होतास."

"हो."

"मी हसायचे रे."

"हो."

"चालता हो, मिलिंद." तिने आयुष्यात पहिल्यांदा मला पूर्ण नावाने हाक मारली.

मी उठलो, सवयीने डब्याकडे हात गेला. तिने तो आपल्याकडे ओढला. "राहू दे. मी आणून देईन."

परतीच्या बसमध्ये मला हात कुठे ठेवावेत कळेना. सात वर्षं जाता-येता मांडीवर डबा होता. आरेत ऊन उतरलं होतं, गोठ्यांवर धूर होता, बिबट्या वगैरे कुठेही नव्हता. फोन वाजला.

"पोचलास? डबा दिला ना परत?" मावशी.

"नाही दिला."

 तिकडे कुकरची शिटी वाजली. "तू बोललास."

"बोललो."

"काय म्हणाली?"

माझ्याकडे अशा वेळी निदान चार उत्तरं तयार असतात. मी झालं तेवढंच सांगितलं. "डबा आणून देईन म्हणाली."

मावशीने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग तिने अगदी हळू विचारलं,

"कधी?"

तेवढं विचारायचं मी विसरलो होतो.